शोरूमच्या पंधरा मिनिटांसाठी गाड्या बनवू नका

प्रति,
पिंपरी, चाकण, रांजणगावात गाड्या आखणारे आणि वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या चाचणी संस्थेत त्या तपासणारे सर्व अभियंते,
तसेच कुठल्या व्हेरियंटमध्ये काय द्यायचे आणि काय राखून ठेवायचे हे ठरवणारी त्यांच्या वरच्या मजल्यावरची मंडळी

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एखाद्या कंपनीच्या ग्राहकसेवेला पाठवले असते तर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे उत्तर पुढच्याच मिनिटाला आले असते आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून थेट तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही आमच्यातलेच आहात. वाकडला, रावेतला, बाणेरला राहता. सकाळी नाशिक फाट्याला आमच्याच शेजारी अडकून पडता, पावसाळ्यात त्याच खड्ड्यांतून कंबर सांभाळत जाता. तरी तुम्ही आखलेल्या नव्या गाडीत बसले की वाटते, ही गाडी कुठल्यातरी दुसऱ्याच गावासाठी बनली आहे, आणि त्या गावात पाऊस पडत नाही, दुचाक्या नाहीत आणि सगळी माणसे पावणेसहा फूट उंच आहेत.

माझी ओळख थोडक्यात. कोथरूडला राहते. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे, पण गाड्यांचे वेड जुने. वडिलांच्या फियाटचा गिअर स्टिअरिंगखाली असायचा, त्यावर शिकले. आता नात्यात, सोसायटीत, ऑफिसात कुणालाही गाडी घ्यायची असली की फोन मला येतो: ‘कुठली घेऊ?’ मग मी सोबत शोरूमलाही जाते. त्यामुळे गाडी विकली कशी जाते, ते मी गिऱ्हाइकाच्या बाजूने उभी राहून भरपूर पाहिले आहे. तुम्ही ते कधी पाहिले आहे का, शंका आहे.

तर ते असे असते. सेल्सचा मुलगा दार उघडतो आणि थेट स्क्रीनकडे बोट दाखवतो. मग गाडीशी बोलून सनरूफ उघडून दाखवतो. मागे बसलेली पोरे चेकाळतात आणि अर्धा सौदा तिथेच होतो. मग डॅशबोर्डवरच्या दिव्यांचे रंग बदलतात. मग ट्रायल. शोरूमच्या दारातून डावीकडे, सिग्नलपर्यंत, यू-टर्न, परत. रस्ता गुळगुळीत, एसी आधीपासून चालू, सगळे मिळून पंधरा मिनिटे. परत आल्यावर कॉफी येते आणि बुकिंगची रक्कम ऑनलाइन भरणार की चेक देणार, एवढेच विचारायचे उरते.

या पंधरा मिनिटांत कुणी गाडी पार्क करत नाही. कुणी ती रात्री भर पावसात, समोरून पांढऱ्याफटक एलईडीचा झोत डोळ्यांवर येत असताना चालवत नाही. कुणी स्टेपनी काढून बघत नाही. मागच्या सीटवर मधोमध कुणी बसत नाही. पुढची दहा वर्षे मात्र नेमके हेच करायचे असते. माझी तक्रार एकच आहे. तुमच्या गाड्या त्या पंधरा मिनिटांत पास होण्यासाठी आखल्या जातात. खाली जे लिहिते आहे, ते त्याचेच तपशील.

बटणांपासून सुरू करते, कारण त्यावर मला सर्वांत जास्त राग आहे.

जूनची पहिली जोरदार सर आली आणि तुम्ही चांदणी चौकाच्या उतारावर आहात. काच आतून धुरकट झाली. जुन्या गाडीत हात आपसूक खाली जायचा, एक गोल बटण फिरायचे, दुसरे दाबले जायचे. डोळे रस्त्यावरच. आता तिथे काळी चकचकीत पट्टी आहे. तिच्यावर बोट नेमके कुठे टेकवायचे हे बघावे लागते. बघितले तरी खड्ड्याने हात हलतो आणि पंख्याऐवजी सीटची हवा चालू होते. काही गाड्यांत तर तेही नाही, स्क्रीनच्या आत शिरून शोधा. समोरचा रिक्षावाला तोवर तुमची वाट बघत थांबणार आहे असे तुम्हाला वाटते का?

स्वीडनमधल्या एका मोटार नियतकालिकाने २०२२ मध्ये हे मोजूनच दाखवले. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवत चार साधी कामे करायची: तापमान बदलणे, रेडिओ लावणे, अशी. २००५ सालच्या, बटणेच बटणे असलेल्या जुन्या व्हॉल्वोमध्ये ती दहा सेकंदांत उरकली. सर्वांत वाईट ठरलेल्या नव्या स्क्रीनवाल्या गाडीत ४४.६ सेकंद लागले. म्हणजे तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरहून जास्त पुढे गेली. गाड्या आपटून सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने मग ठरवले की २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत या पाच गोष्टींना खरीखुरी बटणे किंवा दांडे नसतील तर पूर्ण गुण मिळणार नाहीत. फोक्सवॅगनच्या मुख्य डिझायनरने २०२५ मध्ये जाहीरपणे सांगून टाकले की आवाज, तापमान, पंखा आणि हॅझर्ड यांची बटणे यापुढे त्यांच्या प्रत्येक गाडीत असतील. तिकडचे लोक परत फिरले आणि आपण आता त्याच रस्त्याला लागतो आहोत.

तुम्ही हे का करता तेही मला कळते. प्रत्येक बटणाचा साचा, त्याची वायर, त्याची चाचणी, सगळ्याला पैसे पडतात. एक स्क्रीन बसवली की सॉफ्टवेअर बदलून तीच सगळ्या व्हेरियंटना चालते. खर्च वाचवा, माझी हरकत नाही. पण वाचवलेल्या खर्चाला ब्रोशरमध्ये ‘प्रीमियम अनुभव’ म्हणून आम्हालाच विकू नका. (आणि तो पियानो ब्लॅक रंग. ज्या शहरात सकाळी पुसलेल्या गाडीवर दुपारी बोटाने नाव लिहिता येते, तिथे तो निवडणाऱ्याने आपली स्वतःची गाडी आठवडाभर स्वतः पुसावी.)

आता उंचीचे. माझी उंची पाच फूट एक इंच. आपल्याकडच्या बायकांत ही काही जगावेगळी उंची नाही, हे तुम्हाला घरीच दिसत असेल. तरीही खालच्या व्हेरियंटमध्ये ड्रायव्हरची सीट वर-खाली होत नाही. बेल्टचा वरचा बिंदू सरकत नाही, त्यामुळे पट्टा खांद्यावरून न जाता मानेला घासतो. स्टिअरिंग पुढे-मागे होणे तर बहुतेक वेळा टॉप मॉडेलचे वैभव. मग माझ्यासारखी बाई काय करते? बुडाखाली उशी घेते आणि पायडलपर्यंत पाय पोचावा म्हणून सीट अगदी पुढे ओढते. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात साधारण पंचवीस सेंटिमीटर अंतर हवे, नाहीतर एअरबॅगच इजा करू शकते, हा नियम मला तुम्ही शिकवायचा, मी तुम्हाला नव्हे. बुडाखालची उशी धडकेच्या क्षणी घसरते आणि पट्टा कमरेवरून पोटावर येतो, हेही तुम्हाला माहीत आहे.

समोरच्या धडकेच्या चाचणीत तुम्ही ड्रायव्हरच्या जागी जो पुतळा बसवता, तो सुमारे १७५ सेंटिमीटर उंच आणि ७८ किलो वजनाचा पुरुष आहे. त्याला बसवताना सीट, पाठ, पट्टा मिलिमीटर मोजून लावता. मला मात्र सांगता, टॉप मॉडेल घ्या.

सुरक्षेवरून तुम्हाला सरसकट झोडपणे अन्यायाचे होईल, आणि मला ते करायचेही नाही. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच गाड्या आपटून दाखवल्या आणि पाचही शून्यावर बाद झाल्या. त्यात चाकणला बनणारी, एअरबॅग नसलेली पोलोसुद्धा होती. एअरबॅग दिलेल्या त्याच पोलोला चार तारे मिळाले आणि कंपनीने बिनएअरबॅगची विकणेच थांबवले. २०१८ मध्ये रांजणगावच्या नेक्सॉनने पाच तारे मिळवले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. २०२२ मध्ये चाकणच्या कुशाक आणि टायगुनने मोठी माणसे आणि मुले दोन्हींसाठी पाच तारे घेतले. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप आले आणि त्याचे पहिले पाच तारे हॅरियर-सफारीला मिळाले. त्या गाड्या पिंपरीच्या. म्हणजे दहा वर्षांत शून्यावरून इथवर आलो आणि त्यातला मोठा वाटा या एका जिल्ह्याचा आहे. ताशी ६४ किलोमीटरने आडव्या अडथळ्यावर आदळूनही दार उघडते, सांगाडा शाबूत राहतो, हे तुमचे काम आहे आणि ते शोरूमच्या पंधरा मिनिटांत दिसत नाही. तरी तुम्ही ते केलेत. मनापासून आभार.

म्हणूनच पुढचे जास्त खटकते. ज्या गाडीचा सांगाडा एवढ्या कष्टाने भक्कम केलात, तिच्या बेस मॉडेलला मागच्या काचेचा वायपर नाही. मागच्या काचेचे धुके घालवणारी तार नाही. रात्री मागच्या दिव्यांनी डोळे दिपू नयेत म्हणून आरसा तिरका करायची दोन रुपयांची सोय नाही. मागच्या मधल्या सीटला डोके टेकायला काही नाही. सनरूफ मात्र हल्ली खालून दुसऱ्या व्हेरियंटलाच यायला लागले आहे. एप्रिलच्या उन्हात पुण्यात सनरूफ उघडून कोण बसतो? ते उघडले जाते वरातीत आणि महामार्गावर, आणि दोन्ही वेळा त्यातून एक मूल बाहेर डोकावत असते. वायपरपेक्षा सनरूफ कितीतरी महाग पडते, त्यामुळे ‘खर्च परवडत नाही’ हे कारण मला सांगू नका. वायपर शोरूममध्ये कुणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून तो वगळला जातो. हा निर्णय अभियंत्याचा नसतो हे मला माहीत आहे. तो वरच्या मजल्यावर होतो. पण बैठकीत तुम्हीही बसलेले असता.

रुंदीबद्दल बोलायलाच हवे. आमच्या सोसायटीतला पार्किंगचा पट्टा २.३ मीटरचा आहे. दोन्ही बाजूंना खांब. जुनी मारुती ८०० होती १,४४० मिलिमीटर रुंद. वॅगन आर १,६२० आहे. हॅरियर १,९२२, तीही आरसे सोडून. हिशेब करा: हॅरियर बरोबर मध्ये लावली तर दोन्ही बाजूंना एकोणीस-एकोणीस सेंटिमीटर उरतात. एकोणीस सेंटिमीटरमधून माणूस बाहेर पडत नाही. आमचे एक शेजारी पहिल्यांदा बायको-मुलांना गेटपाशी उतरवतात, मग गाडी डाव्या खांबाला जवळजवळ चिकटवतात आणि आडवे होऊन बाहेर येतात. गाडी उत्तम आहे, त्यांना आवडते, मलाही आवडते. पण सदाशिव पेठेत सासूबाईंकडे जायचे तर ते दुचाकी काढतात. पंचवीसेक लाखांची गाडी घरी ठेवून.

मोठी गाडी बनवू नका असे म्हणत नाही. सात माणसांचे कुटुंब असेल, महिन्यातून दोनदा कोकणात उतरायचे असेल, तर मोठीच हवी. पण लहान गाडी चांगली असू शकते, यावरचा तुमचा विश्वासच उडालेला दिसतो. तीन मीटर सत्तर सेंटिमीटरच्या गाडीत सहा एअरबॅग, भक्कम सांगाडा, बरी सीट आणि शांत केबिन द्यायला कोणता निसर्गनियम आड येतो? ज्याला लहान गाडी हवी त्याला स्वस्तच हवी असणार, हे गृहीत कुणी धरले? कोथरूड-डेक्कन-कॅम्प करणारी कितीतरी निवृत्त जोडपी मला माहीत आहेत. त्यांना बारा लाख द्यायला जमतात, पण साडेतीन मीटरचीच गाडी हवी आहे. शोरूममध्ये त्यांना स्वस्तातली लहान किंवा महागातली उंच, एवढेच दाखवले जाते.

आणि उंच म्हणजे दिसते चांगले, हा समज. बॉनेट इतके वर गेले आहे की पुढे उभे असलेले लहान मूल दिसत नाही. खिडक्यांची खालची रेघ चढत जाऊन मागच्या दारापाशी झरोका उरला आहे. पुढच्या काचेचे खांब जाड झाले, त्यामागे छताची ताकद आणि पडदा-एअरबॅग ही कारणे आहेत, ती मान्य. पण नळ स्टॉपला उजवीकडे वळताना त्या एका खांबाआड आख्खी स्कूटर, तीवर बसलेले दोघे आणि त्यांची भाजीची पिशवी एवढे सगळे मावते. मग यावर तोडगा म्हणून ३६० अंशांचा कॅमेरा येतो, तोही वरच्या व्हेरियंटला. आधी काच लहान करायची, मग कॅमेरा विकायचा.

चार मीटर लांबीच्या कर-मर्यादेचे मात्र तुमच्या हातात नाही, त्यामुळे लवकर आटपते. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीला अबकारी करात सवलत मिळाली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसी, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून आपल्याकडच्या निम्म्या गाड्या ३,९९५ मिलिमीटरच्या झाल्या. पिंपरीच्या इंडिगोची शेपटी कापून २००८ मध्ये इंडिगो सीएस आली, ती यामुळेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीतही हीच सीमारेषा राहिली. रेषेच्या आतल्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाडीला ४० टक्के, आणि विजेच्या गाडीला ५. लांबी मोजून कर लावायचा, वजन आणि धूर मोजायचा नाही, या शहाणपणावर वेगळे पत्र अर्थमंत्र्यांना लिहायला हवे. पण त्या १,२०० सीसीच्या कुंपणात तुम्ही तीन सिलिंडरची टर्बो इंजिने बसवलीत, त्याबद्दल एक बोलते. कागदावर ताकद भरपूर आहे आणि एक्सप्रेसवेला मजा येते. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना मात्र टर्बो जागाच होत नाही. पाय जरा जास्त दाबला की गाडी उसळते, आणि मायलेज कुठे जाते ते पंपावर कळते. जुने बिनटर्बोचे चार सिलिंडरचे १.२ लिटर इंजिन या रांगेत जास्त समजूतदार वागायचे.

लोक मला ‘कुठली घेऊ’ विचारतात तेव्हा मी गाडीचे नाव सांगत नाही, आधी उलटतपासणी घेते. रोज किती किलोमीटर? सलग की तुकड्यातुकड्यांत? घरी चार्जिंगचा पॉइंट बसेल का, सोसायटीची परवानगी मिळेल का? पार्किंग चढावर आहे का? कोण कोण चालवणार? सासरे चालवणार असतील तर त्यांचे गुडघे कसे आहेत? या उत्तरांवर गाडी ठरते. आणि यातला एकही प्रश्न शोरूममध्ये विचारला जात नाही, कारण उत्तरावरून कधीकधी स्वस्त गाडी पुरेशी आहे असे निघते.

उदाहरण डिझेलचे. १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस ६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला, डीपीएफ. तो साफ व्हायला एक्झॉस्ट बराच वेळ तापलेला राहावा लागतो, म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज कोथरूडहून शिवाजीनगरला सहा किलोमीटर जाणाऱ्याला ‘डिझेलचे मायलेज चांगले’ म्हणून डिझेल एसयूव्ही विकली जाते. काही महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, ‘मॅडम, जरा सातारा रोडला फिरवून आणा.’ रविवारी सकाळी खंबाटकीपर्यंत जाऊन येणारे असे दोघे तरी माझ्या ओळखीचे आहेत. त्यात भर म्हणजे महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १३. मायलेजमधून तो फरक वसूल व्हायला किती किलोमीटर पळावे लागेल, हा हिशेब ब्रोशरमध्ये एका चौकटीत मावेल.

ऑटोमॅटिकचेही तसेच. एएमटी, सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर, डीसीटी, क्लच न दाबता गाडी चालवू देणाऱ्या या चार वेगवेगळ्या यंत्रणांना गिऱ्हाईक एकाच नावाने ओळखते: ‘ऑटोमॅटिक’. एएमटीमध्ये आत साधा क्लच आहे. चढावर ब्रेक न दाबता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की तो जळतो. दोन सुक्या क्लचचा डीसीटी हिंजवडीच्या रांगत्या गर्दीत तापतो, कारण त्याला थंड करायला तेल नाही. दोन्ही यंत्रे आपापल्या जागी चांगली आहेत. कुणासाठी कुठले, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि विकणाऱ्याला ठाऊक नाही.

मायलेजच्या आकड्यांवर एक वेगळी गंमत आहे. वेताळ टेकडीवरून निघणारा आकडा गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या चक्रात, जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटरपर्यंत नेऊन काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो उत्तम आहे. पण त्यावर महिन्याचा पेट्रोलचा हिशेब मांडणारे अजून भेटतात, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे फरक अजून वाढतो. विजेच्या गाड्यांच्या बाबतीत टाटांनी एक चांगली सुरुवात केली. चाचणीतल्या रेंजच्या शेजारी, चारातल्या तीन ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल अशी कमी रेंजही ते सांगतात. कर्व्हच्या मोठ्या बॅटरीला चाचणीत ५८५ किलोमीटर, आणि प्रत्यक्षातली म्हणून ४०० ते ४२५. एवढा मोठा फरक स्वतःच्या तोंडाने सांगायला धाडस लागते. पेट्रोल गाड्यांनाही हेच लावा. जाहिरातीत तो आकडा कमी दिसेल, पण वर्षभराने शिव्या कमी मिळतील.

दुरुस्तीबद्दल थोडे. नाना पेठेत एके काळी हेडलाइटची काच वेगळी मिळायची, बल्ब वेगळा, कडेची पट्टी वेगळी. आता आख्खा दिवा एकच, आणि मागचे दोन दिवे जोडणारी ती लखलखती आडवी पट्टी डाव्या कोपऱ्याला रिक्षाने घासली तरी बिल मोठ्ठे. पुढच्या बंपरमागे स्वयंचलित ब्रेकचे रडार, त्यामुळे बंपर बदलला की पुन्हा जुळवणी. हे ब्रेक वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. नवले पुलाच्या उतारावर ते एकदा कामी आले तरी पैसे वसूल. पण लेन धरून ठेवणारी यंत्रणा जिथे लेनच रंगवलेली नाही तिथे करणार काय? बहुतेक जण गाडी सुरू केली की पहिल्यांदा ती बंद करतात. ती बंद करायचे बटणही स्क्रीनच्या आतच.

मला माहीत आहे, वरच्या मजल्यावरून उत्तर काय येणार: ‘आम्ही काय करणार, गिऱ्हाईकच सनरूफ मागते.’ खरे आहे, मागते. जे दाखवले जाते ते मागते. २०१८ च्या आधी शोरूममध्ये ‘तारे किती?’ असे विचारणारे कुणी मला भेटले नव्हते. मी एकदा विचारले, तेव्हा सेल्सचा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला होता. तारे मिळवणाऱ्यांनी ते जाहिरातीत लावले, टीव्हीवर आपटलेल्या गाड्या दाखवल्या, आणि आता आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा कुठल्या गाडीला किती तारे ते सांगतो. म्हणजे गिऱ्हाइकाला शिकवता येते, आणि शिकवणारे तुम्हीच होता. पत्रा किती जाड म्हणून बॉनेट ठोकून बघणारी माणसे सांगाड्याबद्दल बोलायला लागली. सीटची उंची, काचेचा वायपर, बटणे आणि काचेबाहेर दिसणारा रस्ता, याबद्दलही ती बोलतील. फक्त कुणीतरी आधी दाखवायला हवे.

शेवटी एक विनंती आहे. तुमच्या नव्या गाड्या काळे-पांढरे नक्षीदार आवरण चढवून बायपासवर, तळेगाव रस्त्यावर फिरताना आम्ही बघतो. फोटोही काढतो, रागावू नका. तशी एक गाडी, बेस मॉडेलची, जुलैमधल्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला डेक्कनला आणा. तिथून लक्ष्मी रस्त्याने, नारायण पेठेच्या बोळातून टिळक रस्त्यावर, मग कोथरूडला आमच्या सोसायटीच्या खांबांमध्ये लावायची. दुसऱ्या दिवशी पहाटे ताम्हिणीतून, धुक्यात. ड्रायव्हर पाच फूट एक इंचाचा. असा ड्रायव्हर कामावर नसेल तर मी फुकट येते. मागच्या सीटवर मधोमध, ज्यांनी तिथला हेडरेस्ट वगळला, ते साहेब बसतील. घाटात थांबून पिठलं-भाकरी माझ्याकडून.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कोथरूडची एक गाडीवेडी

ता. क. : नव्या डीलरशिपवर ऑन-रोड किमतीच्या कागदात ‘हँडलिंग चार्जेस’ अशी ओळ अजूनही असते. विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल असेही अजून सांगतात, आणि ते खोटे असते. विमा बाहेरून घेता येतो. हा विभाग तुमचा नाही, पण जेवणाच्या सुट्टीत तो ज्यांचा आहे त्यांना भेटलात तर एवढे कानावर घाला.